द्राक्षबागेतलं घर, मुलाचा टीएसएच ६.९ आणि तिसरा महिना

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातलं बागायतदार कुटुंब, घर द्राक्षबागेतच. साडेतीन वर्षांच्या मुलाला ताप आणि खोकला होता, म्हणून रक्ताच्या तपासण्या केल्या. पॅकेजमध्ये थायरॉईडही होतं. टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की ते वाढतं) ६.९ आला, फ्री टी-४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल. थायरॉईडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी लिहून मिळाली आहे, अजून सुरू केलेली नाही. आई विचारते: हे फवारणीमुळे झालं का? बोअरच्या पाण्यामुळे? प्लास्टिकच्या डब्यांमुळे? आरओ बसवू का? केमिकल नको म्हणून वर्षभरापासून घरात गुलाबी मीठ वापरतो, तरी असं कसं? आणि जाता जाता एक ओळ: मला तिसरा महिना सुरू आहे.

ताई, आधी तुमची स्वतःची तपासणी करून घ्या, याच आठवड्यात. टीएसएच, फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ अँटीबॉडी (शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करतंय का, हे त्यातून कळतं). रिपोर्ट तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गरोदरपणात, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत, टीएसएचचे निकष वेगळे असतात. लॅबच्या कागदावर उजवीकडे छापलेली मर्यादा तुम्हाला लागू नाही, त्यामुळे "रेंजमध्ये आहे" असं घरीच ठरवू नका. मुलाबद्दल सांगतेच, पण त्याच्या बाबतीत घाई नाही. घाई तुमच्या बाबतीत आहे.

कारण असं की पोटातल्या बाळाची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या आसपास हार्मोन बनवू लागते, आणि पुरेसं बनवायला जवळजवळ निम्मं गरोदरपण उलटतं. तोवर बाळाच्या मेंदूची जी जडणघडण होते ती आईच्या टी-४ वर. आईला आयोडीन कमी पडलं किंवा तिच्या ग्रंथीच्या कामात कशाने अडथळा आला, तर त्याची झळ बाळापर्यंत पोचते. प्रदूषण आणि थायरॉईड या विषयावरचे ठोस पुरावे पाहिले तर बरेचसे याच काळाकडे बोट दाखवतात, तीन-चार वर्षांच्या धडधाकट मुलाकडे फार कमी.

आता मुलगा. ६.९ हा आकडा पाहून पोटात गोळा येतो हे मला ठाऊक आहे, पण लहान मुलांमध्ये ५ ते १० च्या मधला टीएसएच आणि सोबत नॉर्मल फ्री टी-४ हे चित्र अगदी नेहमीचं आहे. आजारपणातून उठताना टीएसएच काही दिवस वर जातो. पहाटे तो जास्त असतो, दुपारी कमी. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये थोडा चढाच असतो. शिवाय बऱ्याच लॅब मोठ्या माणसांची मर्यादा छापतात, आणि लहान मुलांची वरची मर्यादा तिच्यापेक्षा थोडी जास्त असते. इस्रायलमध्ये एक लाखाहून अधिक मुलांच्या नोंदी पाच वर्षं पाहिल्या गेल्या, ५.५ ते १० मध्ये टीएसएच असलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांचा पुढच्या तपासणीत आपोआप नॉर्मल आला. तापात असलेल्या मुलाचं थायरॉईड निव्वळ पॅकेजमध्ये आहे म्हणून तपासणं, हा प्रकार अलीकडे फार वाढलाय आणि त्यातून निष्कारण गोळ्या सुरू होतात, हे माझं स्पष्ट मत.

मूल पूर्ण बरं झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच आणि फ्री टी-४ करा, त्यात अँटी-टीपीओ जोडा. केस-नखांसाठी म्हणून बायोटिनचं सिरप चालू असेल तर तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्याने रिपोर्ट फसवा येऊ शकतो. गोळी सुरू करण्याआधी हे सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोला. तोवर थांबू या म्हणालात तर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. टीएसएच १० च्या वर गेला, फ्री टी-४ कमी आला, गळ्याला सूज दिसली किंवा उंची अडली, तर मात्र गोळी हवीच, आणि मग ती टाळायची नाही.

उंचीची नोंद रक्ताच्या रिपोर्टइतकीच महत्त्वाची. या वयात मूल वर्षाला सहा-सात सेंटीमीटर वाढतं. अंगणवाडीत मोजलेले आकडे, लसीकरणाच्या कार्डावरचे आकडे, भिंतीवर पेन्सिलने केलेल्या खुणा, जे असेल ते घेऊन तक्त्यावर मांडा. वाढ सरळ चालली असेल तर थायरॉईड आपलं काम करतंय. जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन टीएसएच तपासला होता का, तेही दवाखान्याच्या जुन्या फाईलमध्ये बघा. आपल्याकडे साधारण हजार-दीड हजार जन्मांमागे एका बाळाची ग्रंथी जन्मतःच कमी काम करते. गोव्याने २००८ मध्ये नवजात तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू केला होता. महाराष्ट्रात अजूनही ती कुठल्या दवाखान्यात बाळंतपण झालं यावर अवलंबून आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, फवारणी.

बागेत डावणी या बुरशीरोगासाठी तुम्ही जे मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मारता, म्हणजे एम-४५, त्याचा थायरॉईडशी संबंध आहे, आणि तो कसा आहे हे चांगलं माहीत आहे. मॅन्कोझेबपासून एथिलीन थायोयुरिया नावाचा पदार्थ तयार होतो. थोडा तो औषधातच अशुद्धी म्हणून असतो, थोडा हवा-पाण्यात तयार होतो, थोडा शरीरात, आणि अंश राहिलेली भाजी किंवा फळं शिजवताना उष्णतेनेही होतो. ग्रंथीत आयोडीन पकडून त्याचं हार्मोन करणारं जे एन्झाइम आहे, थायरॉईड पेरॉक्सिडेज, त्यालाच हा पदार्थ अडवतो. थायरॉईड जास्त असलेल्या रुग्णांना आम्ही जी औषधं देतो, त्यातली काही नेमकं हेच काम करतात. मेक्सिकोत पाठीवरच्या पंपाने, कसलंही संरक्षण न घेता, याच गटातली बुरशीनाशकं मारणाऱ्या मजुरांमध्ये टीएसएच वाढलेला आढळला. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना इथल्या शेतकऱ्यांच्या सोळा हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात मॅन्कोझेब किंवा त्याच गटातलं मॅनेब वापरलेल्या बायकांमध्ये थायरॉईडचे विकार जास्त निघाले. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबच्या मान्यतेचं नूतनीकरण नाकारलं. आपल्याकडे मे २०२० मध्ये केंद्राने ज्या २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला त्यात ते होतं, पण बंदी आली नाही.

म्हणजे मुलाचा ६.९ फवारणीमुळेच? नाही, असं मी म्हणणार नाही. वर सांगितलेले लोक स्वतः औषध हाताळत होते. शेजारी राहणाऱ्या लहान मुलाच्या शरीरात जाणारी मात्रा त्याहून बरीच कमी, आणि एका तापातल्या रिपोर्टवरून तर कसलाच निष्कर्ष निघत नाही. पण "काही होत नाही, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बागेतच राहिलोय" हेही बरोबर नाही. तुमच्या परिस्थितीच्या सगळ्यात जवळ जाणारा अभ्यास कोस्टा रिकामधल्या माटिना भागातला आहे. तिथे केळीच्या बागांवर विमानातून मॅन्कोझेब मारतात. गरोदर बायकांच्या लघवीत एथिलीन थायोयुरिया मोजलं, तर इतर ठिकाणच्या सर्वसाधारण लोकांपेक्षा ते पाचपटीहून जास्त निघालं. बागेपासून पन्नासेक मीटरवर राहणाऱ्या बायकांमध्ये साडेपाचशे मीटरवरच्या बायकांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. आणि ज्या बाईने आदल्या दिवशी शेतातले कामाचे कपडे धुतले होते तिच्यात दहा-अकरा टक्के जास्त. हा शेवटचा आकडा मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक शेतकरी कुटुंबाला सांगते, कारण फवारणीचे कपडे घरात कोण धुतं हे विचारावं लागत नाही.

दिलासा देणारी बाब अशी की हा पदार्थ शरीरात साठून राहत नाही, काही दिवसांत लघवीवाटे निघून जातो. इटलीत सेव्हेसोला १० जुलै १९७६ रोजी रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिन नावाचं विषारी रसायन हवेत गेलं, तिथली गोष्ट वेगळी होती. डायॉक्सिन चरबीत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. त्या गावांत १९९४ ते २००५ दरम्यान, म्हणजे अपघाताला जवळजवळ दोन दशकं झाल्यावर जन्मलेल्या बाळांचा टीएसएच तपासला. स्वच्छ भागात २.८ टक्के बाळांचा ५ च्या वर होता, सर्वाधिक प्रदूषित पट्ट्यात १६.१ टक्के बाळांचा. मॅन्कोझेबचं तसं नाही. संपर्क आज कमी केलात तर पुढच्या आठवड्यात शरीरातलं प्रमाण कमी झालेलं असतं.

तेव्हा बाळंत होईपर्यंत फवारणीचे कपडे तुम्ही धुवायचे नाहीत. तुमच्या मिस्टरांनी किंवा फवारणाऱ्या गड्याने ते बाहेरच काढायचे, बाहेरच वेगळ्या बादलीत भिजवायचे आणि स्वतः धुवायचे. सासूबाई काही बोलल्या तर डॉक्टरांनी लिहून दिलंय म्हणून सांगा. घरातल्या इतर कपड्यांसोबत, विशेषतः मुलाच्या कपड्यांसोबत, ते वॉशिंग मशीनमध्ये नकोत. चपला-गमबूट उंबऱ्याबाहेर. अंघोळ केल्याशिवाय मुलाला उचलून घेणं नको. फवारणीवरून आलेल्या बापाच्या गळ्यात मूल धावत जाऊन पडतं, तो क्षण आवरायला जड जातो, पण आवरा. फवारणीचा ब्लोअर घराच्या बाजूच्या ओळींत चालणार असेल त्या वेळी मूल अंगणवाडीत किंवा मामाकडे असेल असं बघा. नाहीच जमलं तर दारं-खिडक्या बंद, दोरीवरचे कपडे आत, पाण्याचे हंडे झाकलेले, आणि नंतर ओसरी ओल्या फडक्याने पुसून घ्या. औषध कालवणं घरापासून आणि बोअरपासून लांब. रिकामे डबे-कॅन घरात कशालाही वापरायचे नाहीत, धान्यालाही नाही आणि जनावरांच्या पाण्यालाही नाही. छाटणीच्या काड्या घराजवळ पेटवत असाल तर तेही थांबवा. युरोप-अमेरिकेतल्या सुमारे दहा हजार गरोदर बायकांच्या नोंदींत पहिल्या तिमाहीतल्या हवेतले सूक्ष्म कण आणि आईचा कमी टी-४ यांचा संबंध दिसला आहे.

मॅन्कोझेब स्पर्शजन्य आहे, आंतरप्रवाही नाही, म्हणजे ते बहुतेक सालीवर बसतं. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की बराचसा अंश जातो. घरच्या बागेतली द्राक्षं आहेत म्हणून मुलं घडावरून तशीच तोडून खातात, ते बंद करा. निर्यातीचा माल प्रयोगशाळेतून अंश तपासून जातो. घरातली पोरं खातात तो माल कुणीच तपासत नाही. औषध मारल्यापासून काढणीपर्यंत जितके दिवस थांबायला लेबलवर लिहिलंय तितके दिवस घरच्या मुलांसाठीही थांबायचं.

आणि आता मिठाकडे येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते फवारणी नव्हे, हे गुलाबी मीठ.

थायरॉईडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं आणि आपल्या जमिनीत ते पुरेसं नाही. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवलं, १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि आज ग्राहकापर्यंत पोचताना निदान १५ पीपीएम आयोडीन मिठात असावं असा नियम आहे. १५ पीपीएम म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. पाच वर्षांखालच्या मुलाला दिवसाला ९० मायक्रोग्रॅम आयोडीन हवं, मोठ्या माणसाला १५०, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. सैंधव, शेंदेलोण, हिमालयन पिंक सॉल्ट, नाव काहीही असो, त्यात मुळात आयोडीन नगण्य असतं. वेगळं घातलं असेल तरच असतं आणि तसं पाकिटावर छापलेलं असतं. उपासाच्या दिवशी सैंधव खाल्लंत तर काही बिघडत नाही. वर्षभर रोजच्या स्वयंपाकात तेच आणि आता त्यात दिवस गेलेले, हे मात्र बिघडवणारं आहे.

याचा प्रदूषणाशी थेट संबंध आहे. ग्रंथीच्या पेशीवर आयोडीन आत ओढून घेणारं एक दार असतं. त्याच दारातून परक्लोरेट, थायोसायनेट आणि नायट्रेट हे पाणी, अन्न किंवा धुरातून येणारे पदार्थही घुसायला बघतात. आत आयोडीन भरपूर असेल तर या गर्दीने फारसं अडत नाही. आयोडीन तुटपुंजं असेल तर तेवढीच गर्दी ग्रंथीला उपाशी ठेवते. एन्झाइम अडवणाऱ्या पदार्थांचंही तेच, कच्चा माल कमी असला की थोडा अडथळाही जाणवतो. याचं सगळ्यात कठोर उदाहरण चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताचं. २६ एप्रिल १९८६ नंतर दुधातून किरणोत्सारी आयोडीन मुलांच्या पोटात गेलं. पुढे बेलारूस आणि रशियातल्या मुलांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की सारख्याच किरणोत्साराने आयोडीन कमी असलेल्या भागांत थायरॉईड कॅन्सरचा धोका सुमारे तिप्पट होता, आणि ज्यांना पोटॅशियम आयोडाइड मिळालं होतं त्यांच्यात तो सुमारे एक तृतीयांशावर आला. तुमच्या बागेत किरणोत्सार नाही, पण नियम तोच: भुकेली ग्रंथी बाहेरचं जास्त ओढून घेते. केमिकल नको म्हणून तुम्ही घरातली एक चांगली ढाल बाजूला ठेवली आणि फवारणी तशीच चालू राहिली.

आजच आयोडीनयुक्त मीठ आणा. बंद डब्यात, शेगडीपासून लांब ठेवा, शक्यतो भाजी उतरवताना घाला. मीठ जास्त खायला सांगत नाहीये. रक्तदाबाचं भान हवंच. उरलेलं आयोडीन दूध, दही आणि अंड्यातून मिळतं. गरोदरपणातल्या गोळ्यांच्या पाकिटावर आयोडीन आहे का ते वाचा, नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. मनाने आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेऊ नका. फार जास्त आयोडीननेही बाळाची ग्रंथी काम थांबवते. बाजरी आणि कोबी बंद करू का असं पुढे कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगते: नका करू. दोन्हींत थायरॉईडला थोडा अडथळा आणणारी द्रव्यं आहेत, पण आयोडीन पुरेसं असलेल्या घरात रोजच्या भाकरीने काही होत नाही.

पाणी. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या सुमारे ३६ टक्के नमुन्यांत नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या मर्यादेबाहेर होतं. वर्धा, बुलडाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ हे जिल्हे देशातल्या सर्वाधिक बाधितांत आहेत. नाशिक त्या यादीत नसलं तरी युरिया आणि शेणखत भरपूर पडणाऱ्या बागेतला बोअर तपासायलाच हवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. नायट्रेट आणि फ्लोराईड दोन्ही मागा. परक्लोरेटच्या तुलनेत नायट्रेट हा कमजोर अडथळा आहे, पण गरोदर बाई आणि बाटलीतलं दूध पिणारं बाळ यांच्यासाठी मर्यादेबाहेरचं पाणी इतर कारणांनीही नको. रिपोर्ट वाईट आला तर आरओ लावा किंवा नळयोजनेचं पाणी प्या. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. कँडल किंवा यूव्हीच्या फिल्टरनेही जात नाही. रिपोर्ट चांगला आला तर आरओचे पैसे वाचवा.

प्लास्टिकवर फार वेळ घालवत नाही. गरम वरण-भात प्लास्टिकच्या डब्यात भरू नका, स्टीलचा डबा वापरा, खरवडलेला नॉनस्टिक तवा काढून टाका. दूध पाजायच्या बाटल्यांत बीपीए हे प्लास्टिकमधलं रसायन नसावं असं भारतीय मानकात २०१५ पासूनच आहे. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ते मात्र प्लास्टिकपेक्षा कितीतरी मोठं प्रकरण आहे. धुरातून थायोसायनेट वाढतं, आणि धूम्रपान करणाऱ्या मातांच्या दुधात आयोडीन इतर मातांच्या निम्म्यावर आलेलं आढळलं आहे.

बाळंतपणाच्या वेळच्या दोन गोष्टी आत्ताच फाईलवर लिहून ठेवा. बाळाच्या नाळेवर किंवा कातडीवर पोव्हिडोन आयोडीन, ते तपकिरी औषध, लावू नये अशी विनंती करा. नवजात बाळाच्या कातडीतून ते भरपूर शोषलं जातं आणि ग्रंथी काही दिवस ठप्प होऊ शकते. आणि ४८ तासांनंतर टाचेतून टीएसएच तपासल्याशिवाय घरी जाऊ नका. त्यात दोष निघालाच तर उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवेत, आणि तसे झाले तर मूल इतर मुलांसारखंच वाढतं.

मोठ्याची पुढची भेट दीड-दोन महिन्यांनी ठेवा. मधल्या काळात त्याला नवीन बद्धकोष्ठ सुरू झालं, तो फार मंद आणि झोपाळू वाटू लागला, कातडी कोरडी पडली किंवा गळ्यावर फुगवटा दिसला तर थांबू नका, लगेच दाखवा. येताना उंचीच्या सगळ्या नोंदी, बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट, तुमचे स्वतःचे थायरॉईडचे रिपोर्ट आणि बागेत या हंगामात काय काय मारलं त्याची फवारणीची डायरी आणा. निर्यातवाल्यांसाठी ती तुमच्याकडे लिहिलेली असेलच.